संगीत नाटकात काम आणि महिन्याला पगार? जर्मनीचं गणित आणि त्यातलं शनिवार पेठेचं कनेक्शन

पुण्यात नाटक करणाऱ्या मुलामुलींना घरच्या लग्नकार्यात एक प्रश्न हमखास येतो. "नाटक वगैरे ठीक आहे, पण काम काय करतोस?" विचारणाऱ्या काकांचा फार दोष नाही. नाटक हेच काम असू शकतं, त्याचा महिन्याच्या महिन्याला पगार येऊ शकतो, आजारपणाचा विमा असतो, भरपगारी रजा असते, हे आपल्याकडे कुणी पाहिलेलंच नाही.

जर्मनीत हे असतं. म्हणूनच गेली साठ-सत्तर वर्षं अमेरिकेतले गायक-नट बॅगा भरून तिकडे जातात. ब्रॉडवे ज्या देशात आहे त्या देशातले लोक म्युझिकल करायला जर्मनीला का जातात, हा प्रश्न ऐकायला विचित्र वाटतो. उत्तर मात्र सोपं आहे. ब्रॉडवेवर झगमगाट आहे आणि जर्मनीत नोकरी आहे.

आता यात पुणं कुठे आलं? तर पुण्यातली संगीत नाटकवाली मंडळी १९८० सालीच जर्मनीत जाऊन आली आहेत, आणि त्या नात्याचा एक धागा आजही शनिवार पेठेतल्या एका छोट्या रंगमंचापर्यंत येऊन पोचतो. पण आधी जर्मनीतली व्यवस्था नेमकी काय आहे ते बघू.

गावोगावी सरकारी थिएटर

जर्मनीत एकेकाळी शेकड्यांनी छोटी-मोठी संस्थानं होती. प्रत्येक राजाला, सरदाराला स्वतःचं दरबारी थिएटर हवं असायचं. आपल्याकडे संस्थानिकांनी पैलवान पोसले, गवई पोसले, तसंच. राजे गेले, पण थिएटरं राहिली आणि ती चालवायची जबाबदारी शहरांनी आणि राज्यांनी घेतली. आज तिथे सरकारी पैशावर चालणारी साधारण १४० थिएटरं आहेत. त्यातल्या अनेकांमध्ये एकाच छपराखाली ऑपेरा, नाटक, बॅले आणि म्युझिकल असं सगळं चालतं. तिकिटातून येणारा पैसा एकूण खर्चाचा लहानसा भाग असतो, बाकीचा करातून येतो.

या थिएटरांमध्ये नट, गायक, नर्तक हे कर्मचारी असतात. त्यांच्या नोकरीच्या अटी एका सामूहिक कराराने ठरतात. १ जानेवारी २०२३ पासून या करारातला किमान पगार महिन्याला २,७१५ युरो झाला, कर वगैरे कापायच्या आधीचा. त्याच्या आदल्या वर्षी तो २,००० होता. वर्षाला ४५ दिवसांची रजा. ज्या अमेरिकन कलाकाराला वर्षात अमुक इतके आठवडे काम मिळालं तरच युनियनचा आरोग्य विमा लागू होतो, त्याला हे ऐकून घर मिळाल्यासारखं वाटतं.

पण इथेच थोडं थांबायला हवं, कारण सोशल मीडियावर या गोष्टीचा अर्धाच भाग फिरतो. ही नोकरी कायमची नसते. करार साधारण वर्षाचा असतो. थिएटरने ठरलेल्या मुदतीत 'पुढच्या वर्षी तुम्ही नको' असं कळवलं नाही तर तो आपोआप पुढे चालू राहतो. बहुतेकांसाठी ही मुदत ३१ ऑक्टोबर. म्हणजे आपल्याकडे दिवाळीची खरेदी चालू असते तेव्हा जर्मनीतले नट ऑफिसातून बोलावणं येतं का याची धास्ती घेऊन बसलेले असतात. (योगायोग बघा, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा पुण्यातला पहिला प्रयोगही ३१ ऑक्टोबरचाच, १८८० सालचा. मराठी संगीत नाटकाचा वाढदिवस आणि जर्मन नटांच्या धाकधुकीचा दिवस एकच.)

आणखी एक मेख आहे. एकाच थिएटरमध्ये १५ वर्षं झाली की कलाकाराला काढणं जवळपास अशक्य होतं. त्यामुळे अनेकांना बारा-चौदा वर्षं झाली की नेमका नारळ मिळतो. चाळिशी गाठलेली असते, मुलं तिथल्या शाळेत असतात आणि नवीन शहर शोधायचं असतं. नवा संचालक आला की तो स्वतःची माणसं घेऊन येतो, तेव्हाही हेच होतं. आपल्याकडे कुठलीच हमी नाही, तिकडे हमी आहे पण तिची एक्सपायरी डेट आहे.

म्युझिकलवाल्यांचं गणित वेगळं

ऑपेरा गायकाला वर वर्णन केलेली कायम पगाराची जागा तुलनेने सहज मिळते. म्युझिकलच्या कलाकाराला नाही. सरकारी थिएटरं वर्षाला एखाद-दोन म्युझिकल करतात आणि त्यासाठी बाहेरून पाहुणे कलाकार घेतात, तेवढ्या नाटकापुरते. म्युझिकलसाठी स्वतःचा कायम संच ठेवणारी थिएटरं अगदी मोजकी. जर्मन भाषेच्या पट्ट्यातलं नेहमी सांगितलं जाणारं उदाहरण तर ऑस्ट्रियातलं, लिंझ शहराचं आहे.

मग म्युझिकलवाले कुठे काम करतात? मोठ्या खासगी कंपन्यांकडे. १९८६ साली हॅम्बुर्गमध्ये 'कॅट्स' आलं आणि १५ वर्षं चाललं. १९८८ साली बोखुम या एकेकाळच्या कोळसा-पोलादाच्या शहरात 'स्टारलाइट एक्स्प्रेस'साठी खास थिएटर बांधलं. कलाकार रोलर स्केट्सवरून आगगाड्या बनून धावतात असं हे नाटक. ते अजून तिथेच चालू आहे. हॅम्बुर्गला 'लायन किंग' २००१ पासून चालू आहे, प्रेक्षक बंदरातून बोटीत बसून पलीकडच्या काठावर नाटकाला जातात. ही नाटकं सुट्टीच्या सहलीचा भाग झाली आहेत. आपल्याकडे कोल्हापूर-ज्योतिबा होतं, तसं तिकडे 'हॅम्बुर्ग आणि लायन किंग'.

इथे कलाकार आठवड्याला सात-आठ प्रयोग करतो, तेच नाटक, तीच भूमिका. पैसे बरे, पण शरीराचा पिट्टा पडतो. आपल्याकडे शनिवार-रविवारी दोन-तीन प्रयोग झाले की मंडळींचे घसे बसतात, त्यावरून अंदाज करा.

आणि हे सगळं जर्मनमध्ये. हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. लंडन-न्यूयॉर्कहून आलेलं प्रत्येक गाणं जर्मनमध्ये भाषांतर करून गायलं जातं. हेलन श्नायडर हे याचं मोठं उदाहरण. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १९५२ साली जन्मलेली ही रॉक गायिका १९७०च्या दशकाच्या शेवटी जर्मन टीव्हीवर दिसली आणि लोकांना आवडली. १९८७ साली बर्लिनच्या 'थिएटर देस वेस्टेन्स'मध्ये 'कॅबरे'ची नायिका सॅली बोल्स तिने केली. १९९५ साली वीसबाडेनजवळच्या नीडर्नहाउझेन गावात 'सनसेट बुलेव्हार्ड' आलं, त्यात नॉर्मा डेस्मंडही तिचीच. त्या नाटकासाठी खास थिएटर उभारलं होतं, पण नाटक तीन वर्षंही टिकलं नाही. गेल टफ्ट्स नावाची मॅसॅच्युसेट्सची दुसरी एक कलाकार १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्लिनला आली. तिने स्वतःचं मोडकं-तोडकं जर्मन लपवलं नाही. इंग्रजी-जर्मनची भेळ करून तिने स्वतःची स्टेजवरची भाषाच बनवली आणि लोक ती ऐकायला तिकीट काढू लागले.

परक्या भाषेच्या रंगभूमीवर जाऊन नाव काढणं मराठीला नवीन नाही, फक्त आपण ते विसरलोय. किर्लोस्कर स्वतः कानडी मुलखातल्या गुर्लहोसूरचे. दीनानाथ मंगेशकर गोव्याच्या मंगेशीचे, घरची बोली कोंकणी. आणि गोहरबाई कर्नाटकी. विजापूर भागातली ही कानडी मुस्लिम गायिका १९३०च्या दशकाच्या अखेरीस गंधर्व नाटक मंडळीत आली आणि ज्या भूमिकांवर खुद्द बालगंधर्वांचं नाव कोरलेलं होतं त्या नायिका तिने मराठीत गायल्या. तिच्या वाट्याला कौतुकापेक्षा टीका जास्त आली. मूळचा माणूस आणि बाहेरचा माणूस यांच्यासाठी फूटपट्टी वेगळी असते, हे जर्मनीत जाणाऱ्यानेही लक्षात ठेवलेलं बरं.

मग पुणेकर जर्मनीत कसे पोचले?

१६ डिसेंबर १९७२. भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यं कृष्णदेव मुळगुंद. नाटकाचं कथानक शनिवारवाड्याच्या सावलीतलं. कनोजहून पुण्यात आलेला घाशीराम अपमान गिळतो, नाना फडणवीसांच्या मर्जीने कोतवाल होतो आणि शेवटी त्याच शहराकडून दगडांनी मारला जातो. खरा घाशीराम ३१ ऑगस्ट १७९१ रोजी पुण्यात असाच मेला. तोही बाहेरून येऊन करिअर करायला निघालेलाच होता म्हणा.

नाटकावर वाद झाला. १९ प्रयोगांनंतर 'पीडीए' या संस्थेने ते थांबवलं. मग कलाकार बाहेर पडले, १९७३ साली त्यांनी 'थिएटर अकॅडमी' काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं.

१९८० साली बर्लिनहून आमंत्रण आलं. पेशवाईतल्या पुण्याचं असं चित्र परदेशात दाखवायचं का, यावरून पुन्हा रान पेटलं. राजकीय विरोध झाला, प्रकरण कोर्टात गेलं. 'हे ऐतिहासिक नाटक नाही' असं निवेदन सोबत घेऊन मंडळी युरोपला निघाली.

जर्मन प्रेक्षकाला मराठी कळत नव्हतं, नाना फडणवीस माहीत नव्हते, मग त्यांना यात काय दिसलं असेल? 'घाशीराम' हे मुळात संगीत नाटक आहे, फक्त पदं गाणाऱ्या नायकाचं नाही. कीर्तन, लावणी, अभंग, दशावतारी चाल असं सगळं त्यात आहे आणि स्टेजवर बारा ब्राह्मणांची एक भिंत आहे. माणसांची भिंत. ती डोलते, गाते, पाठ फिरवते, मागचं लपवते आणि हवं तेव्हाच उघडते. १९८० सालचं बर्लिन हे मधोमध भिंत असलेलं शहर होतं. भिंतीच्या अलीकडे काय दिसतं आणि पलीकडे काय लपतं हे त्या प्रेक्षकाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पण या कलाकारांचं 'काम काय' होतं? नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. नाटकात भूमिका करणारे आणि पुढे 'महानिर्वाण' लिहिणारे सतीश आळेकर बी. जे. मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्रीत नोकरीला. म्हणजे ज्या नाटकाने मराठी रंगभूमी युरोपला नेली, ते नाटक नोकऱ्या सांभाळून, रजा टाकून, संध्याकाळच्या तालमी करून उभं राहिलं होतं. तिकडे प्रेक्षागृहात बसलेल्या जर्मन व्यावसायिक नटांचं पोट नाटकावर चालत होतं. त्या प्रयोगातला खरा विरोधाभास हाच.

पूर्व जर्मनीतला दुसरा धागा

तेव्हा जर्मन्या दोन होत्या आणि मराठी माणसं दोन्हीकडे जात होती. वायमारचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ १९७० पासून भारतात येऊन नाटकं बसवायचे. ब्रेख्तच्या 'कॉकेशियन चॉक सर्कल'चं चिं. त्र्यं. खानोलकरांनी मराठीत 'अजब न्याय वर्तुळाचा' केलं आणि विजया मेहता यांनी ते तमाशाच्या अंगाने उभं केलं, त्यात बेनेविट्झ यांची साथ होती. मग उलटा प्रवास सुरू झाला. विजयाबाई पूर्व जर्मनीत गेल्या आणि तिथल्या पगारी नटसंचाला घेऊन त्यांनी जर्मन भाषेत नाटकं बसवली. लाइपझिगमध्ये 'शाकुंतल', वायमारमध्ये 'हयवदन'.

जर्मन रंगभूमीवर परदेशी माणसाने नुसता प्रयोग करून परत येणं वेगळं आणि तिथल्या थिएटरमध्ये काम करणं वेगळं. या दुसऱ्या प्रकारात सगळ्यात पुढे गेलेलं मराठी नाव विजयाबाईंचं म्हणावं लागेल, आणि मराठी रंगभूमीच्या गप्पांमध्ये त्याची जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही.

शाकुंतलाचं जर्मनीला आधीपासून वेड होतं, हेही सांगायला हवं. गेओर्ग फोर्स्टरने त्याचं जर्मन भाषांतर १७९१ साली छापलं आणि गटे ते वाचून भारावला. १७९१, म्हणजे ज्या वर्षी इकडे घाशीराम मारला गेला त्याच वर्षी.

पश्चिमेकडूनही माल येत होता. १९२८ साली बर्लिनमध्ये गाजलेल्या ब्रेख्त-वाइल यांच्या 'थ्रीपेनी ऑपेरा'चं पुलंनी 'तीन पैशाचा तमाशा' केलं. थिएटर अकॅडमीनेच १९७८ साली ते रंगमंचावर आणलं, दिग्दर्शक पुन्हा जब्बार पटेल. नाट्यसंगीत, लावणी आणि चक्क रॉक एकाच नाटकात. 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडास गायलेले नंदू भेंडे त्यात होते. आज ज्याला म्युझिकल म्हणतात ते पुण्याने तेव्हाच करून पाहिलं होतं.

आणि शनिवार पेठ?

आता मुद्द्यावर येऊ. बर्लिनमध्ये 'ग्रिप्स' नावाचं एक थिएटर आहे. १९६६ साली एका राजकीय कॅबरेने मुलांसाठी नाटकं करायला सुरुवात केली, १९७२ साली त्याला 'ग्रिप्स' हे नाव मिळालं. जर्मन बोलीत याचा अर्थ अक्कल, डोक्यातली चमक. फोल्कर लुडविग हे त्याचे संस्थापक-लेखक. त्यांचा नियम साधा होता. मुलांच्या नाटकात पऱ्या नकोत, मुलांचे खरे प्रश्न हवेत. आईबाप भांडतात, घरमालक ओरडतो, मुलगा मुलीला चिडवतो, परदेशातून आलेल्या शेजाऱ्याशी कुणी खेळत नाही. मुलांच्या भूमिका मोठे नट करतात आणि गाणी नाटकाचा कणा असतात.

'घाशीराम'नंतर जर्मनीशी जुळलेल्या नात्यातून मोहन आगाशे या ग्रिप्सपर्यंत पोचले. मानसोपचारतज्ज्ञाला त्यात काय दिसलं असेल हे सांगायला नको. १९८६ साली मॅक्स म्युलर भवनाच्या मदतीने थिएटर अकॅडमीने पुण्यात ग्रिप्स सुरू केलं. पहिलं नाटक 'छान छोटे वाईट मोठे'. मराठी रूप श्रीरंग गोडबोले यांचं आणि बसवायला बर्लिनहून वोल्फगांग कोलनेडर आले.

हे कोलनेडर कोण? ज्या १९८६ साली पुण्यात हे घडत होतं, त्याच वर्षी ३० एप्रिलला बर्लिनमध्ये ग्रिप्सचं 'लिनिए आइन्स' हे म्युझिकल आलं. घरातून पळून एक मुलगी पहाटे बर्लिनच्या स्टेशनवर उतरते आणि एक नंबरच्या मेट्रोत बसून आपल्या रॉकस्टार मित्राला शोधत फिरते, एवढीच गोष्ट. जर्मन म्युझिकलमधलं हे सगळ्यात यशस्वी नावांपैकी एक. त्याचे दिग्दर्शक हेच कोलनेडर. म्हणजे जर्मनीचं सर्वात गाजलेलं घरचं म्युझिकल बसवणारा माणूस त्याच सुमाराला पुण्यातल्या नटांना तालमी देत होता.

या नाटकाचं पुढे कोरियात काय झालं तेही बघण्यासारखं आहे. किम मिन-गी यांनी १९९४ साली ते सोलमध्ये आणलं, पण नुसतं भाषांतर केलं नाही. त्यांची नायिका चीनमधल्या कोरियन वस्तीतून सोलला येते. त्याचे जवळपास चार हजार प्रयोग झाले. ग्रिप्सची खरी ताकद यात आहे. ते जसंच्या तसं उचलून चालत नाही, आपल्या गल्लीत आणावं लागतं. गोडबोलेंनी पुण्यात तेच केलं होतं.

'अलबत्या गलबत्या'च्या चेटकिणीवर वाढलेल्या मराठी बालप्रेक्षकाला स्टेजवर स्वतःच्याच घरातलं भांडण दिसू लागलं. चाळिशीतला नट हाफ चड्डी घालून सात वर्षांचा होतो आणि दहा मिनिटांत प्रेक्षक ते विसरतात, ही ग्रिप्सची जादू. पुढे ही चळवळ महाराष्ट्र कल्चरल सेंटरने सांभाळली. त्यांचा 'सुदर्शन रंगमंच' शनिवार पेठेत, अहिल्यादेवी शाळेजवळ. विभावरी देशपांडेसारख्या अभिनेत्री-लेखिका याच ग्रिप्समध्ये तयार झाल्या.

२००४ साली मोहन आगाशे यांना गटे पदक मिळालं. जर्मन संस्कृतीशी नातं जोडणाऱ्या परदेशी व्यक्तींना ते दिलं जातं. त्या वर्षीच्या मानकऱ्यांमध्ये दुसरं नाव होतं इम्रे कर्तेस, साहित्याचं नोबेल मिळालेले हंगेरियन लेखक.

आज पुण्याच्या गाणाऱ्या नटाला तिकडे जाता येईल?

येईल, पण अमेरिकन माणसाइतकं सरळ नाही. पहिला फरक पासपोर्टचा. अमेरिकन नागरिक व्हिसा न घेता जर्मनीत उतरू शकतो, ऑडिशन देऊ शकतो आणि काम मिळालं की तिथेच राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करू शकतो. भारतीयाला हे जमत नाही. त्याला आधी इथून व्हिसा घेऊन जावं लागतं. म्हणजे ऑडिशनसाठी बोलावणं हवं, बोलावण्यासाठी तिथे असणं हवं, असा पेच. २०२४ पासून 'चान्सेनकार्टे' नावाचं पॉइंटवर आधारलेलं कार्ड सुरू झालं आहे, त्यावर जाऊन काम शोधता येतं. पण त्यासाठी मान्य पदवी किंवा व्यावसायिक शिक्षण आणि खात्यात वर्षभर पुरतील इतके पैसे दाखवावे लागतात. कष्ट सारखे, दार मात्र वेगळं. इथे गुणवत्तेचा संबंध नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. नाट्यसंगीत किंवा शास्त्रीय गाण्यात तयार झालेल्या गळ्याला सूर, ताना, लय यांची कमतरता नसते. अडचण येते ती एकाच वेळी चौघांनी चार वेगळ्या स्वरओळी गायची वेळ आल्यावर. आपलं गाणं एका षड्जाभोवती फिरतं, तिकडचं कोरस स्वरांच्या थरांवर उभं असतं आणि कागदावरचं नोटेशन बघून पहिल्याच दिवशी गायची अपेक्षा असते. शिवाय बॅले, जॅझ, टॅप. गाणं, अभिनय आणि नाच यातलं एक कच्चं असेल तर म्युझिकलच्या रांगेत नंबर लागत नाही.

भाषेत मात्र मराठी माणसाकडे एक छोटा हुकमाचा पत्ता आहे. जर्मनमध्ये 'झेड' या अक्षराचा उच्चार 'त्स' होतो. इंग्रजी बोलणाऱ्यांची तिथे शब्दाच्या सुरुवातीला जीभ अडखळते. मराठीत हा आवाज आपण लहानपणापासून काढतो. 'चाक', 'चमचा', 'चूल' यातला च म्हणजेच तो. पण ओठांचा चंबू करून काढायचे ते 'ऊ' आणि 'ई'च्या मधले स्वर आपल्याकडे नाहीत, ते घोटावेच लागतात. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट इथे जर्मन शिकणाऱ्यांची रीघ असते, बहुतेक सगळे इंजिनिअरिंगच्या उच्च शिक्षणासाठी. दुकानात बोलण्याइतकं जर्मन आणि दीड हजार लोकांसमोर विनोदाची वेळ साधण्याइतकं जर्मन यात खूप अंतर आहे.

तिसरी गोष्ट चेहऱ्याची. १९९४ साली श्टुटगार्टला 'मिस सायगॉन' आलं तेव्हा फिलिपिनो कलाकारांना काम मिळालं, कारण नाटकच व्हिएतनामचं होतं. 'लायन किंग'मध्ये दक्षिण आफ्रिकेचे गायक दिसतात. बाहेरच्या माणसासाठी आधी 'बाहेरच्या' भूमिकांचं दार उघडतं. १९६१ साली बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवात ग्रेस बम्ब्री या कृष्णवर्णीय अमेरिकन गायिकेला व्हीनसची भूमिका दिली तेव्हा जर्मनीत गदारोळ झाला होता. पहिल्या प्रयोगानंतर टाळ्यांसाठी तिला ४२ वेळा पडद्यासमोर यावं लागलं. परिस्थिती तेव्हापेक्षा खूप बदलली आहे, पण कुलकर्णी आडनावाच्या मुलीला सरळ 'कॅबरे'ची सॅली मिळेल का, हा प्रश्न अजून प्रश्नच आहे.

मग रस्ता कोणता? वय कमी असेल तर शिक्षणाचा. बर्लिन, एसेन, म्युनिक, ओस्नाब्र्युक इथे म्युझिकलचे अभ्यासक्रम आहेत. बहुतेक सरकारी संस्थांमध्ये फी नाममात्र असते, काही राज्यं मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून वेगळी फी घेतात. जागा मोजक्या आणि प्रवेश परीक्षेत गाऊन, नाचून, जर्मन उतारे सादर करून दाखवायचं. तिथून बाहेर पडणाऱ्याला सरकारी रोजगार खात्याचा कलाकारांसाठीचा वेगळा विभाग ऐकतो आणि थिएटरांना नावं सुचवतो. होय, तिकडे रोजगार कार्यालय नटांसाठीही काम करतं. फ्रीलान्स काम करायचं ठरवलं तर १९८३ पासून चालू असलेली कलाकारांची सामाजिक विमा योजना आहे. एरवी विम्याचा जो अर्धा वाटा मालक भरतो, तो तिथे ती योजना भरते.

आणि हे सगळं वाचून लगेच जर्मनच्या क्लासची फी भरण्याआधी एक ताजी बातमी. बर्लिनने २०२५च्या बजेटमध्ये संस्कृतीवरचा खर्च सुमारे १३ कोटी युरोंनी कापला. थिएटरवाले रस्त्यावर उतरले, तरी कपात झाली. खर्च कमी करायचा असला की बाहेरून नाटकापुरता घेतलेला कलाकार सगळ्यात आधी कमी करता येतो. आणि म्युझिकलवाल्यांपैकी बहुतेक जण तर त्याच करारावर काम करतात.